लिफ्ट ओरडते, स्कूटर ओरडत नाही

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पत्र्याची एक पट्टी आहे : '6 व्यक्ती, 408 किलो'. भागाकार केला की माणशी 68 किलो येतात. गणपतीत पाहुणे आले की चौथ्या-पाचव्या माणसालाच लिफ्ट कोकलायला लागते, दार मिटत नाही, आणि कोणीतरी 'तुम्ही व्हा पुढे, मी येतो जिन्याने' म्हणत बाहेर पडतं. बहुतेक वेळा तो मी असतो. माझं वजन 91 किलो आहे.

स्कूटरला असा भोंगा नाही. तिच्यावर 91 किलोंचा नवरा बसला, मागे 78 किलोंची बायको बसली, पायाशी भाजीची पिशवी आली आणि डिक्कीत तेलाचा डबा गेला, तरी ती मुकाट चालायला लागते. तिची तक्रार वेगळ्या तऱ्हेने येते. स्पीडब्रेकरवर मेन स्टँड खरवडतो. खड्ड्यात मागून 'ठक्' असा आवाज येतो. वळताना हँडल नको इतकं हलकं लागतं. मागचा टायर पुढच्याच्या कितीतरी आधी गुळगुळीत होतो. आपण म्हणतो, गाडी जुनी झाली. गाडी जुनी झालेली असते हे खरंच, पण वयाच्या आधी.

गेल्या वर्षी आमची जुनी 110 सीसीची स्कूटर बदलायची ठरवली तेव्हा पुण्यातल्या रिवाजाप्रमाणे न विचारता सल्ले मिळाले. सगळे सल्ले दोन प्रश्नांभोवती फिरत होते : ॲव्हरेज किती देते आणि पिकअप कसा आहे. मी शोरूममध्ये तिसरा प्रश्न विचारला, 'या गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालतं?' तिथला मुलगा बिचारा गोंधळला. मग हसून म्हणाला, 'सर, फॅमिली गाडी आहे. लोक तिघं-तिघं जातात, काही टेन्शन नाही.' तिघं जातात हे मला माहीत होतं. मोटार वाहन कायद्याच्या 128व्या कलमानुसार चालकाच्या मागे एकच जण बसू शकतो, आणि ट्रिपल सीट सापडलात तर 194 क कलमाखाली दंड तर होतोच, वर लायसन तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं, हेही माहीत होतं. माझं उत्तर मात्र मिळालं नव्हतं.

उत्तर असतं ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत. शेवटच्या काही पानांवर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो आणि त्यात 'पेलोड' असा एक आकडा असतो. रिकाम्या गाडीचं तेल-पेट्रोलसकट वजन म्हणजे कर्ब वेट. भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त चालेल असं वजन म्हणजे ग्रॉस वेट. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की पेलोड उरतो, म्हणजे चालक, मागे बसणारा, दोघांची हेल्मेटं, बूट, पर्स, डबा आणि डिक्कीतला ऐवज, सगळं मिळून. टीव्हीएस ज्युपिटरचा हा आकडा 130 किलो आहे. 130 म्हणजे 65 अधिक 65. लिफ्टवाल्यांनी आपल्याला निदान तीन-तीन किलो जास्त धरलं होतं.

काही गाड्यांचा आकडा याहून वर जातो, म्हणून पुस्तिका पाहायची. नवी गाडी घेण्याआधी पुस्तिका मिळत नाही असं सांगतील, पण बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिका इंटरनेटवर उतरवून घेता येतात. दुसरा मार्ग म्हणजे तीच गाडी असलेल्या शेजाऱ्याचं आरसी कार्ड. त्यावर रिकामं आणि भरलेलं अशी दोन्ही वजनं छापलेली असली, तर वजाबाकी तुमची तुम्ही करा. आणि मोटरसायकल घेतली म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो असंही समजू नका. हीरोच्या स्प्लेंडरचा पेलोडही 130 किलोच आहे. अगदी बीएमडब्ल्यूची सी 400 जीटी ही भलीथोरली स्कूटर घेतली, जिच्या किमतीत आपल्याकडे चांगली मोटार येते, तरी तिच्यावर टाकता येणारं वजन 200 किलोंच्या आसपासच आहे. म्हणजे 130 हा आकडा कंजूषपणाचा असला, तरी कुठल्याच दुचाकीवर हवं तेवढं वजन लादता येत नाही.

घरी आल्यावर आम्ही दोघं हेल्मेट, बूट, रेनकोट आणि पर्ससकट काट्यावर उभे राहिलो. मी 94, बायको 81. एकूण 175. बायकोने काट्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'गाडी बदलायची की आपण?' प्रश्न रास्त होता, पण गाडी पुढच्या महिन्यात हवी होती.

आता हे 175 किलो गाडीवर नेमके कुठे पडतात ते पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. साधारण 107 किलोंची 110 सीसीची घरगुती स्कूटर घ्या. तिचं इंजिनच मागच्या चाकाला जोडलेलं असल्याने मुळात ती मागे जड असते. पुढच्या चाकावर 43 आणि मागच्या चाकावर 64 किलो धरू. मी बसलो की माझ्या 94 पैकी 35 पुढे आणि 59 मागे जातात. मागे बसणारा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावरच बसतो, त्यामुळे 81 पैकी 77 मागे आणि उरलेले चार पुढे. हा ढोबळ हिशेब आहे, दोन-चार किलो इकडेतिकडे होतील. पण बेरीज पाहा. एकटा असताना पुढे 78, मागे 123. दोघं असताना पुढे 82, मागे 200. डबलसीट झाल्याची खबर पुढच्या चाकाला जेमतेम लागते. सगळा बोजा मागच्या चाकावर, मागच्या टायरवर आणि मागच्या एकुलत्या एका शॉकअपवर.

टायरपासून सुरुवात करू, कारण ते रस्त्यावर उकिडवं बसून कोणालाही वाचता येतं. टायरच्या कडेला 90/100-10 53J असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिले 90 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 100 म्हणजे रुंदीच्या मानाने टायरची उंची टक्क्यांत, 10 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. शेवटचं J हे वेगाचं अक्षर, ताशी 100 किलोमीटरपर्यंत. आणि त्याआधीचे 53 म्हणजे भाराचा निर्देशांक. हे 53 किलो नव्हेत, तक्त्यातला क्रमांक आहे. 53 म्हणजे 206 किलो, 54 म्हणजे 212, 57 म्हणजे 230, 60 म्हणजे 250. आमचा हिशेब 200 वर आला होता. म्हणजे 53 क्रमांकाचा टायर सपाट रस्त्यावर, पूर्ण हवा असताना, परीक्षेत काठावर पास होतो. आता त्यात सिंहगड रस्त्याचे खड्डे मिळवा.

आणि पूर्ण हवा कुणाच्या टायरमध्ये असते? बऱ्याच 110-125 स्कूटर्सना पुढे 22, मागे एकट्यासाठी 29 आणि डबलसीटसाठी 36 पीएसआय हवा सांगितलेली असते. पंपावरच्या मुलाला 'हवा भर' म्हटलं की तो सवयीने पुढे 25, मागे 30 भरून मोकळा होतो. मागे 36 सांगितल्यावर तो तुमच्याकडे संशयाने पाहील. पाहू द्या. हवा कमी असली की टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यात दुमडतात, तापतात, आणि वळणावर गाडी मागून डुलते. भारी माणसांसाठी गाडीवर करता येण्यासारखा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे, आणि तो सगळ्यात कमी केला जातो.

10 इंची की 12 इंची, हा वाद गॅरेजमध्ये बराच चालतो. मी 12 इंचवाल्यांच्या बाजूचा आहे. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि जास्त उभ्या कडेवर आपटतं. मोठं चाक तोच खड्डा थोडा पाय लांब टाकून ओलांडतं. ॲक्टिवाने 2020च्या 6जी मॉडेलपासून पुढचं चाक 12 इंचाचं केलं, पण मागचं 10 इंचाचंच ठेवलं. आपला हिशेब सांगतो की वजन तर मागे आहे. म्हणून दोन्हीकडे 12 इंच असलेल्या गाड्या, जशा ज्युपिटरच्या दोन्ही बहिणी किंवा एनटॉर्क, या बाबतीत एक पाऊल पुढे आहेत. सुझुकीनेही बर्गमन स्ट्रीटच्या ईएक्स आवृत्तीत मागचं चाक 10 वरून 12 इंचांवर नेलं.

शॉकअपचं दुखणं जरा वेगळं. आपल्या घरगुती स्कूटर्सना मागे एकाच बाजूला एक शॉकअप असतो. त्यातली स्प्रिंग वजन पेलते आणि आतलं तेल तिचा उसळेपणा आवरतं. दोन भारी माणसं बसली की स्प्रिंग बसल्याजागीच अर्धी संपते. मग खड्डा आला की उरलेली अर्धीही संपते आणि धातूवर धातू आदळतो. तो 'ठक्' म्हणजे हाच. त्या क्षणी खड्ड्याचा सगळा दणका चासी, रिम आणि मागे बसलेल्याच्या मणक्याकडे जातो. आमच्याकडे कंबरदुखीचं खापर वर्षभर गादीवर फुटलं होतं. गादी बदलून झाली, कंबर तशीच. शेवटी फिटरने शॉकअपवरून बोट फिरवून तेलकट झालेलं बोट दाखवलं. सील गेलं होतं, तेल गळत होतं.

बऱ्याच नव्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपला तीन खाचा असतात. शोरूममधून गाडी येते ती बहुधा मऊ खाचेवर, कारण टेस्ट राइडला ती सुखद लागते. डबलसीट वापरणाऱ्याने ती तिसऱ्या खाचेवर करून घ्यायची. अर्धचंद्रासारखा एक पाना लागतो, काम पाच मिनिटांचं आहे. खाच बदलल्याने स्प्रिंग ताकदवान होत नाही, ती थोडी आधीच दाबून ठेवली जाते, त्यामुळे गाडी कमी बसते. तेवढंही पुष्कळ आहे. गाडी मागे बसली की आणखी एक गोष्ट होते जी सहसा लक्षात येत नाही : हेडलाइटचा झोत वर जातो. तुम्हाला रस्त्याऐवजी झाडं दिसतात आणि समोरच्याला फक्त तुमचा दिवा.

मागे दोन शॉकअप असलेल्या स्कूटर्स आहेत. यामाहाची एरॉक्स 155 घ्या : दोन शॉकअप, 14 इंची चाकं, मागचा टायर 140 मिलिमीटर रुंद. कागदावर भारी माणसांसाठी आदर्श. पण तिच्या पायाशी सपाट जागा नाही, मध्ये उंचवटा आहे, आणि मागची सीट पुढच्यापेक्षा बरीच वर चढलेली. बायको शोरूममध्ये तिच्यावर एकदा बसली आणि म्हणाली, 'यावरून मी तुझ्या डोक्यावरून रस्ता बघेन, पण साडी नेसून चढू कशी?' विषय तिथे संपला.

ब्रेकची गोष्ट मी दिवे घाटात शिकलो. जेजुरीहून परत येताना, जुन्या गाडीवर, दोघं आणि भंडाऱ्याच्या पिशव्या. पुढेमागे दोन्हीकडे 130 मिलिमीटरचे ड्रम. उतारावर मी सवयीप्रमाणे ब्रेक हलकासा धरून ठेवला होता. निम्म्या घाटात जळक्या लायनरचा वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा. मग डावा लिव्हर हळूहळू मुठीजवळ यायला लागला आणि एका वळणाआधी तो मुठीला टेकलाच. गाडी थांबली, कारण वळणाच्या बाहेर थोडी मोकळी जागा होती आणि मी दोन्ही पाय घासत नेले. खाली मस्तानी तलाव छान दिसत होता. आम्ही तो अर्धा तास पाहिला.

झालं होतं ते असं. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि आतल्या लायनरपासून दूर जातो, म्हणून लिव्हरला जास्त प्रवास करावा लागतो. तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. आणि तापण्याचं कारण म्हणजे आमचं वजन. गाडीसह एकटा मी 201 किलो, दोघं मिळून 282. त्याच वेगाला थांबवायची ऊर्जा 40 टक्के जास्त. दुसऱ्या शब्दांत, दोघांनी ताशी 40 ने जाणं हे ब्रेकच्या लेखी एकट्याने 47 ने जाण्यासारखं आहे. सपाटीवर हे निभावतं. घाटात ती ऊर्जा सतत येत राहते, आणि बंद ड्रमला ती बाहेर टाकायला वाव नसतो. डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने लवकर निवते, शिवाय तेलाच्या दाबावर चालत असल्याने बोटांच्या कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. म्हणून पुढे डिस्क नसलेल्या मॉडेलकडे दोन भारी माणसांनी पाहूही नये, हे माझं मत आहे आणि ते मी पाच-सात हजारांच्या फरकासाठी बदलणार नाही.

125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना 2019च्या एप्रिलपासून कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस यांपैकी एक आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बीमध्ये डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. याने बऱ्याच जणांची समजूत झाली की उजवा लिव्हर आता शोभेचा. तसं नाही. डबलसीट असताना मागच्या चाकावर वजन असल्याने मागचा ब्रेक एकट्यापेक्षा जास्त कामाचा असतो, पण खरी थांबण्याची ताकद तरीही दोन्ही लिव्हर मिळूनच येते.

स्कूटर घाटात उतरवण्याची रीत मोटरसायकलहून वेगळी आहे, कारण गिअर पाडता येत नाही. स्कूटरचा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर लागतो-सुटतो. वेग फार कमी झाला की तो सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळायला लागते. अशा वेळी ॲक्सिलरेटरला किंचित पीळ दिला की क्लच पुन्हा धरतो आणि इंजिन थोडं तरी मागे ओढतं. ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. जोरात दाबायचे, वेग पाडायचा, सोडायचे, निवू द्यायचे. आणि पेट्रोल वाचवायला चावी बंद करून घाट उतरणारे काही महाभाग अजून आहेत, त्यांच्यामागे जाऊ नका.

इंजिनाबद्दल मी शेवटी बोलतोय याचं अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण 'दोघं जाड आहात ना, मग 125च घ्या' हा सल्ला पहिला येतो. सल्ला बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. ओढायला 110ही पुरते. 282 किलो घेऊन शेकड्याला आठचा चढ ताशी 30 ने चढायला साधारण साडेतीन अश्वशक्ती लागते आणि 110च्या इंजिनात पावणेआठ-आठ असते. ती रडत चढेल, पण चढेल. 125 घ्यायची ती यासाठी की तिच्याबरोबर बहुधा डिस्क येते, लांब सीट येते, आणि ट्रकला ओलांडताना समोरून एसटी यायच्या आत तुम्ही आपल्या बाजूला परतता. भारी वजनाचा इंजिनावरचा परिणाम हळू आणि खिशातून जाणवतो. बेल्ट, व्हेरिएटरमधले रोलर आणि क्लचचे शूज लवकर झिजतात. पुस्तिकेत बेल्ट 20-25 हजार किलोमीटरला बदला म्हटलं असेल, तर रोज डबलसीट जाणाऱ्याने निम्म्यातच एकदा उघडून पाहावा. ॲव्हरेजचे जाहिरातीतले आकडे तर एकाच स्वाराचे, तेही 75 किलोंच्या, धरून काढलेले असतात, तेव्हा शोरूमवाल्याशी त्यावरून भांडायला जाऊ नका.

इलेक्ट्रिकचं काय, असं आता प्रत्येक जण विचारतो. सिग्नलवरून उठताना इलेक्ट्रिक स्कूटर दोन भारी माणसांना सहज उचलते आणि बॅटरी पायाखाली असल्याने वजन खाली राहतं, गाडी पायावर घट्ट वाटते. पण पेलोडचा नियम तिलाही तोच, आणि बॅटरीमुळे ती स्वतःच जड. जिची मोटर चाकातच बसवलेली आहे ती लांब चढावर लवकर तापते आणि आपली ताकद आपणच कमी करते. मोटर चासीवर आणि बेल्टने जोडलेली असेल तर घाटासाठी बरी. उतारावर मोटरच ब्रेकचं काम करते आणि बॅटरी थोडी भरून निघते, दिवे घाटात मला हे हवं होतं. फक्त घाटमाथ्यावर कोणाकडे पूर्ण चार्ज करून निघालात तर बॅटरीत जागाच नसते, आणि ही सोय नेमकी तेव्हाच अंग चोरते.

कोणीतरी चेतकचं नाव काढणार हे मला माहीत आहे. माझ्याही वडिलांची चेतक होती. पुढे मी उभा, मध्ये ते, मागे आई, आईच्या मांडीवर बहीण. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून निघालेली ती पत्र्याची गाडी खरोखर दणकट होती. पण तिलाही 10 इंची चाकं आणि ड्रमच होते, इंजिन उजवीकडे लोंबत असल्याने ती एका बाजूला ओढायची, आणि वडील 35च्या वर जात नसत. शिवाय आम्हा चौघांचं मिळून तेव्हाचं वजन आजच्या आम्हा दोघांइतकंच भरलं असतं. आठवणीत राहतात त्या सुखरूप घरी पोचलेल्या खेपा.

तर शोरूममध्ये काय करायचं. मागे बसणाऱ्या माणसाला बरोबर न्यायचं, हे पहिलं. एकट्याने टेस्ट राइड घेऊन 'मस्त आहे' म्हणणं म्हणजे स्वतःच्या मापाने दुसऱ्याची चप्पल आणणं. दोघांनी गाडीवर बसा, स्टँड काढलेला, आणि तिसऱ्याला मागचा टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घालून पाहायला सांगा. बसल्याजागीच फट दोन-तीन बोटांवर आली असेल तर खड्ड्यात तिथे काही उरणार नाही. मग दोघांनीच चक्कर मारा आणि मुद्दाम स्पीडब्रेकरवरून न्या. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. तुमचा खरा आकडा स्पीडब्रेकरच सांगेल. मागच्याला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून आडोसा कायद्यानेच द्यावा लागतो, पण आधार बोटात मावेल इतका जाड आहे का, पायठेवणीवर पूर्ण तळवा टेकतो का, हे बसूनच कळतं. एका बाजूला पाय टाकून बसायची सवय असेल तर ती याच निमित्ताने सोडायला सांगा. भारी माणूस एका अंगाला बसला की चालकाला गाडी सतत उलट्या बाजूला पेलत न्यावी लागते.

आणि चालकाचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. 282 किलो चालताना पडत नाहीत, ते उभे राहताना पडतात : सिग्नलला, वाळूवर, पावसात ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर. मागच्याने चढण्या-उतरण्यापूर्वी सांगायचं, चालकाने दोन्ही ब्रेक धरायचे. आमच्याकडे बायको 'चढू?' असं विचारते आणि मी 'हं' म्हटल्याशिवाय हलत नाही. शेजारी हसतात.

गाडी घेतल्यावर ॲक्सेसरीजच्या काउंटरवर बसवतात तेव्हा सावध. लोखंडी गार्ड, मागचं कॅरियर, जाड मॅट, सगळ्याचं वजन तुमच्या पेलोडमधून वजा होतं. बाहेरून स्प्रिंग कडक करून देणारे, रबरी ठोकळा घालून देणारे पुष्कळ आहेत. त्याने गाडी बसत नाही, पण स्प्रिंग कडक आणि आतलं तेल तेच राहिल्याने ती घोड्यासारखी उसळते. रुंद टायरही मनाने बसवू नये. सर्वांत वाईट म्हणजे गॅसचा सिलिंडर. आतला गॅसच 14.2 किलो, आणि टाकी जवळपास तेवढीच. डबलसीट जाताना पायाशी सिलिंडर म्हणजे गाडीवर तिसरा माणूस, तोही लोखंडाचा. गोव्यात भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनी तर आधी मागचा शॉकअप दाबून पाहावा. त्या गाड्या वर्षभर डबलसीटच फिरलेल्या असतात.

आम्ही काय केलं ते सांगतो, पण आधी इतरांसाठी. दोघांचं मिळून 130 च्या आत असलेल्यांना बाजारातली जवळजवळ कुठलीही चालेल. 130 ते 150 असलेल्यांनी पुस्तिकेतला आकडा पाहून, डिस्क आणि शक्यतो दोन्हीकडे 12 इंची चाकं असलेली 125 घ्यावी. आमच्यासारख्या 175वाल्यांना एकही घरगुती स्कूटर पुस्तिकेच्या हिशेबाने निर्धास्त नेईल असं मला दिसलं नाही, आणि तसं सांगणाऱ्या विक्रेत्यावर मी विश्वास ठेवत नाही. आम्ही 125 घेतली, जुनी 110 विकली नाही. नवा शॉकअप आणि नवे लायनर घालून ती बायकोला दिली. दोघं दोन गाड्यांवर जातो, डबलसीट फक्त कोपऱ्यावरच्या मंडईपर्यंत, मागे 36 हवा भरून. जेजुरीला एसटीने जातो. 2023 पासून बायकोचं तिकीट अर्धं आहे.